चौदा सप्टेंबरची खोली

कमळाकरशेठ शहापूर, सापगाव आणि शेणवा मिळून बावीस चाळी सांभाळायचे. चाळी गावातल्या मालकांच्या, राहणारे हायवेकडच्या कंपन्यांमधले कामगार, आणि मधलं सगळं शेठचं. वर्षातून दोनदा प्रत्येक खोलीची तपासणी व्हायची. छप्पर, भिंती, नळ, लाइटचा बोर्ड, संडास. अकरा वर्षं हे काम हनुमान करत होता. त्याच्या वह्यांत खोल्यांना नंबर नव्हते. ‘चिंचेकडची’, ‘टाकीमागली’, ‘दरवाजा घासतो ती’ अशी नावं होती, आणि दरवाजा रंधा मारून नीट केला तरी नाव तेच राहायचं.

२००५ च्या दिवाळीनंतर शेठनी तपासणीचं सॉफ्टवेअर विकत घेतलं. विकणाऱ्याने सांगितलं होतं की खोल्यांची माहिती एकदा आत घातली की पुढचं सगळं तेच करतं. माहिती आत घालायचं काम नम्रताकडे आलं. ती सापगावची, बी.कॉम. झालेली, दोन वर्षं ऑफिसात होती आणि एक्सेल येणारी तिथली ती एकटीच.

नऊ दिवस रोज दुपारी ती हनुमानच्या वह्या घेऊन बसली. प्रत्येक चाळीला नंबर, चाळीतल्या प्रत्येक खोलीला नंबर. तिसऱ्या चाळीतली पहिली खोली म्हणजे ३/१. तो रकाना तिने आधीच टेक्स्टचा करून ठेवला होता, त्यामुळे टाकलेलं तसंच राहिलं. हनुमान समोर बसून सांगत होता.

“चिंचेकडची कुठली, काका?”

“शेवटून दुसरी.”

“म्हणजे सात नंबर.”

“तू म्हनतेस तर सात.”

एकशे अठ्ठ्याण्णव खोल्या झाल्या. डिसेंबरात कल्याणहून सॉफ्टवेअरचा इंजिनीअर आला. सॉफ्टवेअरला एक्सेलची फाइल चालत नव्हती, सीएसव्ही नावाची साधी फाइल लागायची. त्याने तशी करून दिली. मग ती परत एक्सेलमध्ये उघडली, खालच्या दोन रिकाम्या ओळी काढल्या आणि सेव्ह केली. साध्या फाइलीत रकाना टेक्स्टचा असल्याची खूण राहत नाही, आणि या उघडण्यात एक्सेलने ३/१ ही तीन जानेवारी समजून तशी लिहून टाकली. ३/२ ची तीन फेब्रुवारी झाली. एकाही चाळीत बारापेक्षा जास्त खोल्या नव्हत्या, त्यामुळे सगळ्याच खोल्यांच्या तारखा झाल्या. त्या कुणी पाहिल्या नाहीत. इंजिनीअरने फाइल आत घातली आणि स्क्रीनवर आलेलं वाचून दाखवलं, “ओळी एकशे अठ्ठ्याण्णव. चुका शून्य.” शेठनी सगळ्यांना चहा सांगितला.

एकशे अठ्ठ्याण्णव फॉर्म छापून निघाले. वर अनुक्रमांक, खाली खोली, त्याखाली रकाने. शेठनी गठ्ठा हनुमानच्या हातात दिला.

“आता डोक्यातलं बाजूला ठेवायचं, हनुमान. कागद सांगेल तसं जायचं.”

“बरं,” हनुमान म्हणाला.

घरी जाऊन त्याने गठ्ठा पाहिला. इंग्रजी त्याला फार येत नव्हतं, पण महिने येत होते. तिसऱ्या चाळीच्या फॉर्मांवर तीन जानेवारी, तीन फेब्रुवारी, तीन मार्च. चौथ्या चाळीवर चार जानेवारी, चार फेब्रुवारी. दर दिवशी एका चाळीत जायचं, एक खोली बघायची, पुढच्या महिन्यात त्याच तारखेला पुढची खोली. बावीस तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत काही नाही. त्याला ते विचित्र वाटलं, पण चुकीचं वाटलं नाही. कुणीतरी बसून नीट आखलेलं दिसत होतं. त्याने गठ्ठा तारखेप्रमाणे लावला आणि एक जानेवारीला पहिल्या चाळीत जाऊन पहिली खोली बघून आला.

नम्रताकडे आठवड्याला सहा-सात फॉर्म यायचे. ते ती वरचा अनुक्रमांक बघून कॉम्प्युटरवर चढवायची. पूर्वी हनुमान महिन्यात सगळं उरकायचा. आता फॉर्म मोठा आहे, शिवाय काकांचा गुडघा दुखतो, असं तिने धरून चाललं.

चौदा फेब्रुवारीला हनुमान शेणव्याच्या चाळीत दुसरी खोली बघायला गेला. त्या चाळीत नऊ खोल्या. शेवटच्या खोलीत देवकी राहायची, मुरबाडकडची, एका कंपनीत पॅकिंगला. तिने त्याला हाक मारली.

“भाऊ, हिकडं बगा जरा.”

आठ दिवसांपूर्वी पाण्याचा टँकर मागे घेताना तिच्या बाहेरच्या भिंतीला लागला होता. भिंतीला खालपासून वरपर्यंत तडा होता आणि मधला भाग बाहेर फुगला होता. तिने खाट दुसऱ्या भिंतीला नेली होती. हनुमानने तड्यात बोट घातलं. ते अर्धं आत गेलं.

“आज दोन नंबरची तारीख हाय,” तो म्हणाला. “तुमची चौदा सप्टेंबर.”

“सप्टेंबरपोत ही उभी राहील?”

हनुमानने भिंतीकडे पाहिलं. नंतर हातातल्या फॉर्मकडे पाहिलं. त्यावर दोन नंबरच्या खोलीचा नळ होता, बोर्ड होता. ही भिंत लिहायला जागा नव्हती.

“हिकडं झोपू नका,” एवढं सांगून तो निघाला. त्या दिवशी तो घरी जेवला नाही, असं त्याच्या बायकोने नंतर सांगितलं.

शुक्रवारी कंपनीला सुट्टी होती. देवकी जीप धरून शहापूरला आली आणि जिना चढून नम्रतासमोर उभी राहिली.

“ताई, माझी तारीख अलीकडं घेता येल का?”

“कसली तारीख?”

“तपासनीची. माझी चौदा सप्टेंबरला हाय. भिंत तवर थांबाची नाय.”

नम्रताने तिला बसायला सांगितलं आणि सॉफ्टवेअर उघडलं. शेणवा, देवकी, खोली: १४ सप्टेंबर. तिने वरची ओळ पाहिली. १४ ऑगस्ट. त्याच्या वर १४ जुलै. मग ती अगदी वर गेली आणि तिथून शेवटपर्यंत सावकाश खाली आली. दीड महिना ती याच खोल्यांचे फॉर्म चढवत होती.

हनुमान दुपारी आला. देवकीला बघून दारातच थांबला.

“काका, या तारखा नाहीयेत,” नम्रता म्हणाली. “खोल्यांचे नंबर आहेत. चौदावी चाळ, नववी खोली. एक्सेलने बदलले.”

हनुमानने हातातले फॉर्म टेबलावर ठेवले.

“मंग मी दीड महिना काय करत होतो?”

“तुम्ही मला विचारायचं तरी. भिंत बघितलीत ना तुम्ही?”

“बगितली. बोट घातला आत.” तो बाकावर बसला. “शेठ बोलले, डोक्यातला बाजूला ठेव. मला वाटला, आता आपली गरज नाय यांना. कागदाबाहेर गेलो तर तेवढाच कारन मिळल.”

चूक नम्रताची होती, निदान बघायचं काम तिचं होतं. तिने पर्स उचलली.

“चला. आत्ताच जाऊ.”

तिघं जीपने शेणव्याला गेले. वाटेत हनुमानने गवंड्याला सोबत घेतलं. पाच नंबरची खोली रिकामी होती, तिथे देवकीचं सामान हलवलं. खाट, स्टो, दोन पेट्या, एक आरसा. गवंड्याने चाळीबाहेरची माणसं लांब केली, छपराला आतून लाकडाचे टेकू दिले आणि तड्यात पहार घातली. दुसऱ्या ठोक्याला भिंत अख्खीच्या अख्खी बाहेर गेली. धूळ बसल्यावर आतली खुंटी दिसत होती, तिच्यावर देवकीची पिशवी राहिली होती. देवकीने विटांवरून जाऊन ती काढून आणली.

“सप्टेंबर लांब व्हता,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नम्रताने शेठना सगळं सांगितलं. वाटेत तिने पाठ केलं होतं, ते अर्ध्यात विसरली, तरी सांगितलं. शेठनी स्क्रीन स्वतःकडे वळवून घेतली आणि तारखा बघत बसले.

“म्हणजे बावीसनंतर त्याला सुट्टी, आणि ऑक्टोबरपासून जवळजवळ मोकळाच,” ते म्हणाले. “तसं वाईट नाही हे. असंच ठेवता येईल का?”

“नाही, शेठ.”

“बरं. हनुमान काय म्हणतो?”

“त्यांना वाटलं, तुम्हाला ते नकोयत.”

शेठनी हनुमानला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. पाच मिनिटांनी हनुमान बाहेर आला. काय झालं ते त्याने सांगितलं नाही, पण वह्या परत घेऊन ये असं त्याला सांगितलेलं दिसलं, कारण सोमवारी तो वह्या घेऊन आला.

सोमवारचा अख्खा दिवस गेला. नम्रताने नंबर नव्याने टाकले, या वेळी मध्ये तिरक्या रेघेऐवजी ‘चाळ’ लिहून, म्हणजे एक्सेलला काही समजायला नको. फाइल आत गेल्यावर ओळी एकशे अठ्ठ्याण्णव, चुका शून्य असं पुन्हा आलं. तिने त्यावर विश्वास ठेवला नाही. ती एकेक ओळ मोठ्याने वाचत गेली आणि हनुमान वहीत बघून हं म्हणत गेला. तीन ठिकाणी तो हं म्हणाला नाही. त्या तिन्ही ठिकाणी तिचीच चूक होती.

चौदा चाळ नऊपाशी ती थांबली. भिंतीच्या रकान्यात निवडायला चांगली, बरी आणि खराब एवढंच होतं.

“काय टाकू?”

“नाय म्हनून टाक. भिंत नाय.”

“तसं टाकता येत नाही.”

हनुमानने खिशातलं पेन काढलं, छापलेला फॉर्म ओढून घेतला आणि कडेच्या मोकळ्या जागेत आपल्या अक्षरात लिहिलं, ‘भिंत पडली. बाई पाचमध्ये. बरी हाय.’