पहिली थप्पड

रूपाला वाटलं होतं, सोबत पोलीस असतील. राजेंद्र सरांनी फोनवर तसंच सांगितलं होतं. लासूर स्टेशन गावच्या त्या मोबाईलवाल्यावर धाड टाकायची, तुम्ही गायिका म्हणून समोर उभ्या राहा, बस्स. पण सिडकोतल्या त्यांच्या स्टुडिओसमोर ती गाडीत बसली, तेव्हा मागच्या सीटवर सांडू नावाचा एक आडदांड माणूस आणि त्याचे दोन सोबती होते. त्यांच्या पायाशी क्रिकेटचे स्टंप पडले होते.

"पोलीस कुठंयत?" तिनं विचारलं.

"मागून येतील," सर म्हणाले. "आधी बोभाटा झाला तर तो सगळं पुसून टाकील. आपण माल पकडून द्यायचा."

रूपा पंचवीस वर्षं गात होती. जयंतीच्या स्टेजवर, हळदीत, जिथं बोलावतील तिथं. तिची आई गोजरबाई हयातभर खडी फोडायला गेली. तिच्यावर रूपानं स्वतः गाणं बांधलं होतं, "माय माझी खडी फोडी, सडक कुणाची झाली." दोन वर्षांपूर्वी ते राजेंद्र सरांच्या स्टुडिओत रेकॉर्ड झालं. तिथं दिलेल्या कागदावर तिनं सही केली, कागद काही वाचला नाही.

गाणं चाललं. लई चाललं. ट्रॅक्टरवर, काळ्या-पिवळ्या जीपमध्ये, वरातीत. फक्त तिच्या नावानं चाललं नाही. गंगापूरच्या एका लग्नात मांडववाल्यानं तिलाच विचारलं, "बाई, ते लासूरवालं गाणं येतं का तुम्हाला?"

लासूरवालं. लासूर स्टेशनला सुदर्शन नावाचा एक दुकानदार लोकांचे पेनड्राइव्ह भरून द्यायचा आणि प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला आपल्या दुकानाचं नाव घुसवायचा, म्हणून ते नाव पडलं होतं. मागच्या महिन्यात रूपानं घराच्या ओट्यावर बसून तेच गाणं म्हटलं आणि आपल्या यूट्यूब चॅनलवर टाकलं. चार दिवसांत ते तिथून काढून टाकलं गेलं. कॉपीराइटचा भंग केला, असा संदेश आला. स्वतःच्या आईचं गाणं चोरलं म्हणून आपल्यालाच दम मिळतो, हे तिच्या डोक्यात शिरेना.

"हे सगळं त्या लासूरवाल्याच्या चोरीमुळं," सर म्हणाले होते. "त्यानं इतका गोंधळ घातलाय, की खरं कोण नि खोटं कोण, कळायला मार्ग नाही."

तिनं विश्वास ठेवला होता.

दुकान मार्केट यार्डाच्या रस्त्यावर होतं. समोर कांद्याच्या गोण्या उतरत होत्या. राजेंद्र सर गाडीतून उतरलेच नाहीत. रूपा आत गेली. तिशीचा एक किडकिडीत माणूस मोबाईल उघडून डाग देत बसला होता. बाजूला त्याची बायको गिऱ्हाईकाचा रिचार्ज करत होती.

"ते खडीचं गाणं हाय का?" रूपानं विचारलं.

"हाय की. त्याच्याशिवाय पेनड्राइव्ह कोण नेतंय?" सुदर्शन हसला. त्यानं तिला ओळखलं नव्हतं. त्यानं स्पीकर लावला. आधी त्याचाच आवाज आला, "सुदर्शन मोबाईल, लासूर स्टेशन." मग तिचा. आणि मधेच, आईचे हात सोलवटल्याची ओळ ती जिथं श्वास धरून म्हणायची, नेमकी तिथं पुन्हा त्याचा आवाज, "सुदर्शन मोबाईल."

रूपानं काउंटरवरून हात टाकून त्याच्या कानशिलात लगावली.

चष्मा उडाला. "अहो बाई," एवढंच तो म्हणाला. पुढं त्याला बोलता आलं नाही, कारण सांडू त्या थपडेचीच वाट बघत असल्यासारखा आत घुसला होता. त्यानं सुदर्शनची मान धरून त्याचं तोंड काउंटरच्या काचेवर आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा काच फुटली. सोबत्यांनी स्टंपांनी कॉम्प्युटर फोडला, कपाट फोडलं, मग खाली पडलेल्या माणसाच्या बरगड्यांवर आले. गिऱ्हाईक पळालं.

"बास," रूपा म्हणाली. "आता पोलिसांना बोलवा."

सांडूनं ऐकलं नाही. त्यानं सुदर्शनचा उजवा हात टेबलावर ओढून धरला. "यानंच भरतो का रं गाणी?" असं म्हणून डाग द्यायची तापलेली सळई उचलून त्याच्या तळहातावर दाबली. मांस जळाल्याचा वास सुटला. सुदर्शनच्या तोंडून माणसाचा वाटू नये असा आवाज निघाला. रूपानं सांडूच्या मनगटाला दोन्ही हातांनी लोंबकळत चावा घेतला. त्यानं तिला कोपरानं मागं ढकललं. तिचा ओठ फाटला, एक दात हलला. सळई पडली तसा त्यानं स्टंप घेतला आणि त्याच हाताच्या बोटांवर हाणला.

सुदर्शनच्या बायकोनं, तनुजानं, बसायचं लोखंडी स्टूल उचललं आणि सांडूच्या डोक्यात घातलं. तो गुडघ्यावर आला. तोवर यार्डातले हमाल धावत आले होते. पुढची पाच मिनिटं कुणाच्या हातात काय होतं, ते कुणालाच सांगता आलं नसतं. सांडूच्या एका सोबत्याला रस्त्यावर फरफटत नेऊन तुडवलं. दुसरा गोण्यांमागं लपला, त्याला तिथून ओढून काढलं. राजेंद्र सरांची गाडी त्याआधीच निघून गेली होती.

"ही बी त्यांच्यातलीच," तनुजा रूपाकडं बोट दाखवून म्हणाली. "पहिली हिनं मारली."

बायकांनी रूपाचे केस धरले. ती खाली पडली. पाठीत लाथा बसत होत्या आणि तिला नाही म्हणावंसं वाटलं नाही. मोतीराम नावाच्या म्हाताऱ्या हमालानं तिला बाहेर ओढलं. "ही गाणारी बाई हाय, मी वळखतो."

"गाणारी असली म्हणून काय झालं?" कुणीतरी म्हणालं.

पोलीस स्टेशनात तिच्या ओठाला कापूस लावून तिला बाकावर बसवलं. राजेंद्र सरांचा फोन आला. "रूपाताई, घाबरू नका. मी लेखी तक्रार कालच दिलीय. तुम्ही एवढंच सांगा, की आपण विचारायला गेलो आणि त्यानंच आधी हात उचलला. गाणं वाचवायचंय ना तुम्हाला?"

फौजदार साहेबांनी ती तक्रार समोर ठेवली होती. "वाचून दाखवा," रूपा म्हणाली. त्यांनी वाचली. तिनं सही केलेल्या त्या कागदाच्या आधारे गाण्याचे मालक म्हणून राजेंद्र सरांचं नाव होतं. शेवटी गाणं बेकायदा वाटणाऱ्यांची यादी होती. पहिलं नाव सुदर्शनचं. मग दोन डीजेवाले. चौथं नाव रूपा खरात, गायिका, स्वतःचं यूट्यूब चॅनल.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"मी," रूपा म्हणाली.

साहेबांनी कागदावरून नजर उचलून तिच्याकडं पाहिलं. "तुमचं गाणं काढायला यांनीच लावलं दिसतंय."

रूपानं ओठावरचा कापूस काढून टाकला. मग म्हणाली, "माझा जबाब घ्या. आम्ही पाचजण गेलतो. ते सर गाडीत होते, स्टंप त्यांच्याच गाडीत होते. सुदर्शननं कुणाला बोट लावलं नाय. पहिली थप्पड मी मारली."

"शेवटचं सांगायची गरज आहे का?"

"हाय. लिहा."

गुन्हा दाखल झाला. सांडूला आणि त्याच्या सोबत्यांना अटक झाली. राजेंद्र सर तिसऱ्या दिवशी हजर झाले आणि जामिनावर सुटले. आरोपींत रूपाचंही नाव लागलं.

आठवड्यानं ती घाटीच्या सरकारी दवाखान्यात गेली. सुदर्शन खाटेवर बसला होता. एक डोळा सुजून बंद, उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला. दोन बोटं पुन्हा वळायची नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते. बारीक तारा जोडायचं काम गेलं होतं. तनुजा तिला बघून उठली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली.

"चुकलं माझं," रूपा म्हणाली. "मी मारलं नसतं तर ते घुसले नसते."

"ते घुसलेच असते," सुदर्शन म्हणाला. "त्यांना निमित्त लागत होतं."

"ते मी दिलं."

त्यानं डाव्या हातानं पांघरूण ओढून घेतलं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "माझं नाव का काढलंस गाण्यावरनं?"

"काढलं नाय, ताई. माझ्याकडं आलं तवाच नव्हतं. आणि लोक नाव कुठं मागतात? गाणं मागतात. माझ्यामुळंच गावोगाव गेलं की ते."

"व्हय, तुझ्यामुळं गेलं. पण तुझंच नाव घेऊन गेलं."

"दुकान चालायला पायजे म्हणून टाकलं." तो बांधलेल्या हाताकडं बघत होता. "तुमची आई हाय का?"

"नाय. चार वर्षं झाली."

"मला वाटायचं, नुसतं गाणंच हाय," तो म्हणाला.

रूपा उठली. व्हरांड्यात तनुजा पाठमोरी उभी होती. रूपा तिच्याशी बोलायला थांबली.

"कोर्टात मी तुमचंबी नाव घेणार हाय," तनुजा मागं न वळता म्हणाली.

"घ्या," रूपा म्हणाली. "मी बी तेच सांगणार हाय."

तनुजानं वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा राग जराही कमी झाला नव्हता. रूपानं पदर नीट केला आणि जिना उतरू लागली.