चार नंबरचा बिघाड

डुफीच्या आवारात एकच कायदा होता: आधी प्लग, मग हातोडा. कुमासीच्या डगोम्बा लाइन ह्या भंगार बाजारातल्या बाकीच्या भंगारवाल्यांना हा कायदा म्हणजे निव्वळ खूळ वाटायचं. टीव्ही आला की ते फोडायचे, वायरी आल्या की नाल्याकाठी नेऊन जाळायचे, राखेतून तांबं वेचायचे आणि संध्याकाळी खोकत घरी जायचे. डुफी वायर सुरीने सोलायची, बॅटऱ्या वेगळ्या पिंपात भरून तेमा बंदरातल्या बॅटरीच्या कारखान्याला पाठवायची, आणि चालू होऊ शकणाऱ्या वस्तूवर हातोडा पडू द्यायची नाही. "बाईने भंगाराचा दवाखाना काढलाय," असं लाइनवर हसणं चालायचं. हसू देत. शहरातल्या इस्पितळाला आपली जुनी यंत्रं नीट विल्हेवाट लावणाऱ्याकडे द्यायची होती, तेव्हा ती हसणाऱ्यांकडे नाही, डुफीकडेच आली.

मंगळवारी सकाळी इस्पितळाचा ट्रक आला. इसा हा डुफीचा सगळ्यात जुना कारागीर, चाळिशीचा, तोंडाने फटकळ. तो एकेक यंत्र उतरवून घेत होता.

"मॅडम, हे बघा. डॉक्टर लोकांनी काय काय वापरून टाकलंय! रक्त मोजायचं, ताप मोजायचं. हे कसलं? ह्याला चाकं आहेत."

डुफीने वळून पाहिलं आणि तिच्या हातातली वही खाली पडली.

व्हेंटिलेटर होता. अंगावर लाल रंगाने ४ असा आकडा काढलेला. डाव्या कोपऱ्याचं प्लास्टिक निघालं होतं, त्यावर तपकिरी चिकटपट्टी होती. ती पट्टी तिने स्वतः लावली होती. अकरा दिवस ती ह्या यंत्राशेजारी स्टुलावर बसली होती, कारण त्याच्या नळीच्या दुसऱ्या टोकाला तिचे बाबा होते.

"ह्याला हात लावू नकोस," ती म्हणाली.

"का? चावतं?"

"इसा, लावू नकोस म्हटलं ना."

तिचा आवाज ऐकून इसाने हात मागे घेतला.

बाबा म्हणजे क्वाबेना न्यार्को, चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा माणूस. हातोड्याच्या आधी प्लग हा कायदा मुळात त्यांचाच. सात महिन्यांपूर्वी दुकानात बसल्या बसल्या त्यांच्या डोक्यातली शीर फुटली. अकरा दिवस चार नंबरने त्यांना श्वास दिला. बाराव्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "किती दिवस आवार बंद ठेवशील? जा, कामगार खोळंबलेत. मी आहे इथे." डुफी गेली. दुपारी फोन आला. ती धावत पोचली तर डॉ. अफ्रिफा दारातच उभे होते. यंत्र अचानक बंद पडलं म्हणाले. पावणेबाराच्या सुमाराला. बाकीची तिन्ही यंत्रं दुसऱ्या रुग्णांना लावलेली होती, हाताने फुगा दाबून पाहिला, उपयोग झाला नाही.

तेव्हापासून डुफीच्या छातीवर एक धोंडा बसला होता. साऱ्या कुमासीची बिघडलेली यंत्रं जी चालू करते, तिच्या बापाचं यंत्र बंद पडलं आणि ती चार मैलांवर कुणाचा तरी फ्रीज उघडून बसली होती! एखादी सैल तार असेल, एखादा जळका फ्यूज. तिथे असते तर दोन मिनिटांत लावला असता. हे ती रोज स्वतःला ऐकवायची, आणि रोज जेवणाच्या वेळी आईलाही. आई तिच्या पाठीवरून हात फिरवायची. "यंत्रच ते, बाळ. यंत्राचा काय भरवसा," म्हणायची.

आता यंत्र समोर होतं. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: श्वास देणे बंद. दुरुस्ती अशक्य. टाकाऊ.

डुफीने आवाराचं फाटक लावून घेतलं. तिला फक्त एवढंच पाहायचं होतं, की बिघाड आपल्या हातात होता की नव्हता. नसेल तर धोंडा उतरेल. असेल तर असेल, पण निदान त्याचं नाव तरी कळेल. तिने पेचकस घेतला, मागचं झाकण काढलं आणि एकेक भाग तपासायला घेतला. फ्यूज धड. तारा धड. हवा ढकलणारा पंखा फिरत होता. आतले रबरी पडदे फाटलेले नव्हते. बॅटरी उतरली होती, पण सात महिने कोठारात पडून कुणाचीही उतरेल. घाम पुसत तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासलं. मग झाकण लावलं आणि प्लग घातला.

चार नंबर सुरू झाला. पहिला श्वास त्याने असा घेतला की इसा दोन पावलं मागे सरकला.

"मॅडम, हा तर ठणठणीत आहे!"

तिने रबरी फुगा लावून पाहिला. फुगा फुगला, बसला, फुगला, बसला. तासभर तिने ते चालू ठेवलं. एकदाही चुकलं नाही.

अशी यंत्रं आपली नोंद आपणच ठेवतात. कधी काय बदललं, कुठला इशारा वाजला, कुणी बंद केला, सगळं आत साठतं. कुठली कळ किती वेळ दाबली की ती नोंद पडद्यावर येते, हे डुफीला ठाऊक होतं. तिने खालपासून वर वाचलं. शेवटच्या ओळी बाबा गेले त्याच दिवसाच्या होत्या. दहा पन्नास, प्राणवायू कमी केला. अकरा दहा, श्वासांची संख्या कमी केली. अकरा वीस, इशारे बंद केले. अकरा बेचाळीस, हाताने बंद केले. त्याआधीच्या अकरा दिवसांत बिघाडाची एकही ओळ नव्हती.

हाताने. डुफी त्या शब्दाकडे बघत राहिली. इसाने पाण्याची पिशवी आणून दिली, ती तिने हातात धरली आणि प्यायलीच नाही.

"कुणाला मारायचंय का?" इसाने हळूच विचारलं. "सांगा, मी येतो."

"तू आवार सांभाळ," ती म्हणाली, आणि पडद्याचे फोटो काढून इस्पितळाकडे निघाली.

डॉ. अफ्रिफा पन्नाशीचे होते, डोळ्यांखाली कायमची सूज. तिला पाहून त्यांनी ओळखीचं हसू आणलं. डुफीने फोन त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. हसू मावळलं.

"बसा, ताई."

"बसायला नाही आले. यंत्र बंद पडलं म्हणालात ना? कुठे पडलं? दाखवा मला. माझा धंदाच आहे तो."

"तुमच्या वडिलांचा मेंदू तिसऱ्या दिवशीच संपला होता," ते म्हणाले. "दोनदा तपासलं आम्ही. दुसऱ्या डॉक्टरांनीही तपासलं. यंत्र एका शरीराला हवा देत होतं, बस. अशा वेळी आम्ही घराण्याशी बोलतो. बोललो. त्यांनी होकार दिला."

"कुठलं घराणं? मी त्यांची मुलगी आहे! एकुलती एक!"

उत्तर तिलाही माहीत होतं. आमच्या असांते लोकांमध्ये माणूस आईच्या घराण्याचा असतो. बाप मुलाला लहानाचं मोठं करतो, धंदा शिकवतो, खांद्यावर मिरवतो, पण मेल्यावर तो आपल्या बहीणभावांचा होतो. त्याचं काय करायचं ते त्याच्या घराण्याचा प्रमुख ठरवतो. तो प्रमुख म्हणजे डुफीचे थोरले काका. लेकीला त्या बैठकीत जागा नाही. डुफीला हे जन्मापासून ठाऊक होतं आणि आजवर त्याची कधी चीडही आली नव्हती.

"बरं, काकांना विचारलंत. रीत आहे, मान्य. मग मला खोटं का सांगितलंत? काकांनी ठरवलं म्हणाला असतात तर मी भांडले असते, रडले असते. सात महिने स्वतःला तरी खाल्लं नसतं!"

"तेव्हा मी तसं करायला नको होतं," डॉक्टर खाली बघत म्हणाले. "माझी चूक आहे. मी एकदाच बोललो, आणि मग ते खोटं माझ्या गळ्यात पडलं. तुम्ही काय म्हणाला होतात, आठवतंय? ह्याच खोलीत. हे यंत्र दुसऱ्या कुणाच्या तोंडाला लावलंत तर मी फाटकात बसेन, पेपरवाले आणेन."

तिला आठवत होतं. ती खरंच बसली असती.

"मग मी काय करणार होतो? बिघडलंय म्हटलेलं यंत्र दुसऱ्या दिवशी वापरात कसं काढू? टाकाऊ लिहिलं आणि कोठारात ढकललं. सात महिने चारांच्या जागी तीन यंत्रांवर काम चालवतोय."

"त्या सात महिन्यांत चौथं लागलं असेल कुणाला."

"लागलं," ते म्हणाले. किती जणांना, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि डुफीची विचारायची छाती झाली नाही. न तपासता वस्तू फेकणाऱ्यांना ती आयुष्यभर शिव्या देत आली होती. आणि हे यंत्र तिच्याच धमकीमुळे फेकलं गेलं होतं.

"यंत्र बिघडलं असं सांगायची अक्कल कुणाची? काकांची?"

डॉक्टरांनी टेबलावरची पेनं एका रांगेत लावली.

"तुमच्या काकांना काहीच लपवायचं नव्हतं," ते शेवटी म्हणाले. "तुम्हाला बोलावून घ्या असंही ते म्हणाले होते. तुमच्या आईने माझे पाय धरले, ताई. वयस्कर बाई. मला नाही म्हणवलं नाही."

डुफी बाहेर कशी आली, ट्रोट्रोच्या खचाखच व्हॅनमध्ये कशी बसली, तिला कळलं नाही. काकांवर रागवायला ती तयार होती. डॉक्टरवर तर होतीच. आईसाठी तिच्याकडे राग काढून ठेवलेला नव्हता, त्यामुळे तो आतून उसळून आला तेव्हा तिला तो ओळखूसुद्धा आला नाही.

आई अंगणात भेंडी चिरत बसली होती. "लवकर आलीस? बांकूचं पीठ शिजायचंय अजून," म्हणाली.

"चार नंबर आवारात आलाय," डुफी म्हणाली. "चालतोय."

सुरी थांबली. आईने वर पाहिलं नाही, आणि तेवढ्यानेच सगळं कळलं.

"त्या सकाळी मला कामाला तूच पाठवलंस."

"हो."

"तुला माहीत होतं."

"दहा वाजता जमायचं ठरलं होतं. तुझे काका आले, दोघी आत्या आल्या. मी तुझ्या बाबांचे पाय चेपत बसले होते. गार होते गं पाय. आदल्या दिवसापासूनच गार होते."

"आणि मला नाही बोलावलंस."

"तुला बोलावलं असतं तर तू बंद करू दिलं असतंस?" आईचा आवाज आता चढला. "तू म्हणाली असतीस, आई, अजून चार दिवस. मग अजून चार. गंजलेला रेडिओसुद्धा टाकत नाहीस तू! त्यांना तसं ठेवलं असतंस, नळ्या लावून, फुगवत. चाळीस वर्षं त्यांच्याशी संसार केलाय मी. मला ते बघवत नव्हतं."

"मग तसं सांगायचंस. आई, मला बघवत नाही, एवढंच म्हणायचंस! मी भांडले असते. भांडायचा हक्क होता मला. काकांसमोर नसेल, तुझ्यासमोर तरी होता."

"तू मला माफ केलं नसतंस."

"म्हणून मग मी स्वतःला माफ केलं नाही, ते चाललं तुला?"

आई भेंडीची देठं गोळा करू लागली.

"रोज रात्री जेवताना तुला सांगायचे, मी तिथे असते तर वाचवले असते. रोज! आणि तू पाठीवरून हात फिरवायचीस. हात फिरवताना काय वाटायचं गं तुला?"

"वाटायचं, ओसरेल हळूहळू," आई म्हणाली. "आज सांगू, उद्या सांगू. मग इतके दिवस झाले की सांगणं राहूनच गेलं."

ती रडायला लागली. एरवी आई रडली की डुफीचा जीव तुटायचा. आज ती उभी राहून बघत होती, आणि आपल्याला काहीच वाटत नाही याची तिलाच भीती वाटली.

तिने तिथेच उभ्या उभ्या इसाला फोन लावला. चार नंबर पुसून ठेव, नवी बॅटरी घाल, सकाळी ट्रक बोलाव, इस्पितळात परत पोचवायचा आहे, म्हणाली. "आणि एक कागद बनव. यंत्र तपासले, बिघाड नाही, पहिल्यापासून नव्हता. खाली डॉक्टरची सही घेतल्याशिवाय यंत्र उतरवायचं नाही."

"सही केली तर डॉक्टर अडकेल ना?" पलीकडून इसा म्हणाला.

"अडकू दे. यंत्र तरी सुटेल."

आईने अंगावरच्या कापडाने तोंड पुसलं. "साऱ्या शहराला कळेल मग. काकांना, चर्चमध्ये, सगळ्यांना. मी लेकीशी खोटं बोलले म्हणून."

"कळेल."

"माझ्यावर इतका राग धरू नकोस, डुफी. माझं आता राहिलंय किती? माझ्या वेळेला तर तूच ठरवणार आहेस. मी काही परक्या घराण्यातली नाही, तू माझीच. तेव्हा कळेल तुला, किती जड असतं ते."

हे खरं होतं. बापासाठी तिला बैठकीत जागा नव्हती, पण आईसाठी पहिली जागा तिचीच होती. ती काय म्हणते याकडे आई डोळे लावून बसली. तिला वचन हवं होतं. नळ्या लावू नकोस, वेळ आली की सोडून दे, एवढंच. कालपर्यंत डुफीने ते हसत दिलं असतं.

"ठरवीन," डुफी म्हणाली. "पण मी काय ठरवीन, ते आज विचारू नकोस."

डुफी खाली बसली, आईच्या हातातली सुरी घेतली आणि उरलेली भेंडी चिरू लागली. आईने सवयीने तिच्या पाठीकडे हात नेला. डुफी बाजूला सरकली.