आर्लीनची खूण

लोवेल हचिन्स जुन्या गाड्या नव्या करायचा नाही. कारखान्यातून निघाल्या तशा करायचा. या दोन गोष्टींत गल्लत करणाऱ्याला तो थेट बाहेरची वाट दाखवायचा. कुठला स्क्रू काळा, कुठला चंदेरी, रंगाचा ओघळ कुठे राहू द्यायचा, सगळं त्याला तोंडपाठ. कारखान्यात गाड्या जोडायच्या लाइनवरचे कामगार तपासलेल्या भागावर पिवळ्या खडूने बरोबरची खूण करायचे, तीही तो हुबेहूब काढायचा. अख्ख्या फ्लिंट शहरात या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्याची बायको आर्लीन लग्नाआधी वर्षभर लाइनवर होती, सत्तर साली. खुणा करायचंच काम. "माझी खूण असलेली गाडी येईल एक दिवस तुझ्याकडे," ती चिडवायची, "बघू ओळखतोस का!" कशी असते ते मात्र तिने कधी सांगितलं नाही. मार्चमध्ये ती गेली. तेव्हापासून तिच्या लाइनवर बनलेली सत्तरची प्रत्येक शेव्हेल गाडी तो टॉर्च घेऊन धुंडाळत होता. तिच्या हातचं काहीतरी एकदा दिसावं, एवढंच त्याला हवं होतं.

रविवारी चर्चमधून जिनीव्हा प्रुइट थेट गॅरेजवर आली. आर्लीनची लाइनवरची जोडीदारीण. हातात बटाट्याच्या कॅसरोलचं भांडं.

"जेवतोस का, की नुसता गाड्यांखाली लोळतोस?"

"जेवतो गं बाई."

तो खायला बसला. ती लिफ्टवर उचलून ठेवलेल्या लाल शेव्हेलखाली जाऊन वर बघू लागली.

"मागच्या अ‍ॅक्सलवरची ही खूण तू काढलीस ना?"

"कशावरून?"

"फारच शहाण्यासारखी आहे! सत्तरच्या या गाड्यांवर तिथे आर्लीन खूण करायची. तिची उलटी यायची, शेपूट डावीकडे. डावखुरी ना! साहेबांनी बोलून बोलून शेवटी नाद सोडला."

लोवेलने चमचा खाली ठेवला.

याच अ‍ॅक्सलवर उलटी खूण होती. तीन आठवड्यांपूर्वी त्याने ती कारखान्याच्या खुणांच्या पुस्तकाशी ताडून पाहिली होती. पुस्तकात शेपूट उजवीकडे. कुणातरी हौशी मालकाचा उद्योग, असं पुटपुटत त्याने ती थिनरने पुसली आणि तिथे 'खरी' खूण काढली. फोटोही घेतला नाही. चुकांचे फोटो तो घेत नसे. एक्केचाळीस वर्षं जेवताना तिचं डावं कोपर त्याला लागायचं, आणि ऐन वेळी या माणसाने विश्वास ठेवला तो पुस्तकावर!

त्याने कसंबसं सांगितलं. जिनीव्हाने बाकावरचा पिवळा खडू उचलून त्याच्यापुढे धरला.

"मग काढ परत तशीच. तुझ्याइतकी नक्कल कुणाला जमते? कुणाला कळणार आहे?"

त्याने खडू डाव्या हातात घेतला, अ‍ॅक्सलपर्यंत नेला. आणि तसाच मागे घेतला. खडू खाली ठेवून तो तिथेच फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

"समोर होती गं," तो म्हणाला. "मी बघितली, आणि चुकीची म्हणून पुसून टाकली."