निर्मळ महाराजांची पिवळी पट्टी

विंझरच्या देवळामागच्या पटांगणात त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. किकवीकडून, पार भोरकडून टेम्पो भरून माणसं आली होती. प्रत्येकाच्या हातात एक बाटली आणि बाटलीत स्वतःची लघवी. लाज वाटण्याचं कारण नव्हतं, कारण ओट्यावर बसलेल्या निर्मळ महाराजांनी तिला ‘देहजल’ असं नाव दिलं होतं.

“शरीरात बहात्तर हजार नाड्या, दोन किडन्या आणि एक गुरू!” महाराज माईकवर गरजत होते. “डॉक्टर काय करतो? गोळी देतो. गोळी संपली की दुसरी गोळी देतो. अरे, गढूळ गंगोत्री गोळीनं साफ होते का?”

“न्हाई!” पटांगण ओरडलं.

शिष्य इंद्रजित पितळी वाटी भगव्या फडक्यानं आतून पुसायचा आणि बाटलीतलं देहजल तिच्यात ओतायचा. महाराज त्यात एक कागदी पट्टी बुडवायचे. पट्टीचं पिवळं टोक बघता बघता हिरवंगार व्हायचं. बाया तोंडाला पदर लावायच्या. मग महाराज कमंडलूतलं तीर्थ वाटीत ओतायचे. सर्रकन फेस वर यायचा. “दोष उकळतोय बघा, दोष!” फेस बसला की नवी पट्टी बुडायची आणि ती पिवळीच राहायची. “निर्मळ!” महाराज हात वर करायचे, की जयजयकाराने पटांगण दणाणून जायचं.

गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या नूतनची कानशिलं तापली होती. ती पट्टी तिच्या ओळखीची होती. वर्षापूर्वी या गावात ती तिनेच आणली होती.

नूतन मूळची आंबवड्याची. पुण्यातल्या एका विद्यापीठात ती मूत्रपिंडाच्या आजारावर संशोधन करत होती. हा आजार मोठा कावेबाज. दुखत नाही, खुपत नाही. मूत्रपिंडं निम्मी निकामी होईपर्यंत माणसाला पत्ता लागत नाही. पण लघवीतून प्रथिनं गळायला लागतात ती बरीच आधी, आणि पट्टीचं टोक हिरवं होतं. मग मूत्रपिंड थकलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन तपासायचं, रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर सुरू करायच्या आणि आजाराची चाल मंदावते का ते बघायचं, असं ते काम होतं. “हिरवं दिसलं तर घाबरू नका, पण दवाखान्यात या,” हे तिनं दारोदार जाऊन समजावलं होतं. महाराजांनी तिचं अर्धं वाक्य उचललं होतं.

आज तिच्या तपासणी शिबिराला शाळेत कुत्रंही फिरकलं नव्हतं. म्हणून ती आधी फुलाबाईंच्या घरी गेली होती. गेल्या वर्षी तपासणीत सापडलेल्या फुलाबाई तिच्या सगळ्यात नेमाच्या रुग्ण होत्या. गोळी कधी चुकवायच्या नाहीत, मीठ कमी केलेलं, रिपोर्ट छान आलेले.

त्या ओसरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा सुजलेला, डोळ्यांच्या फटी झालेल्या. नूतननं पायावर बोट दाबलं, तर खड्डा पडला आणि तसाच राहिला.

“गोळ्या?”

“बंद केल्या की,” त्यांचे मालक सावळाराम अभिमानानं म्हणाले. “पट्टी पिवळी झाली हिची. समद्या गावानं बघितली. तुमीच म्हनला व्हता न्हवं, पिवळी म्हंजी चांगली?”

“काका, सूज दिसत नाही का तुम्हाला?”

“महाराज म्हनले, दोष भाईर पडतोय.”

नूतननं रक्तदाब मोजला आणि आकडा मोठ्यानं वाचला नाही. तिनं रक्ताचा नमुना घेऊन सहकाऱ्याबरोबर पुण्याला पाठवला. “मावशी, आजच दवाखान्यात चला,” ती म्हणाली. फुलाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं मान हलवली. “महाराजांचा शबूद मोडून न्हाई जायचं.”

ती तिथून थेट पटांगणात आली होती. आणि फेस बघितला, तेव्हा तिला सगळं कळलं. गढूळ लघवी तीर्थ घातल्यावर फसफसत नाही. फसफसतो सोडा, आंबट पडल्यावर. ती मागे वळली, शेजारच्या घरातल्या सगुणाबाईंकडून एक अंडं आणि एक रिकामी बाटली मागून घेतली, आणि रांगेत न थांबता ओट्यापाशी गेली.

महाराजांनी तिला ओळखलं. त्यांचा चेहरा उजळला. “बघा! विद्यापीठाच्या मॅडमसुद्धा शरण आल्या!”

“एक पेशंट आहे, महाराज,” नूतननं बाटली पुढे केली. “तिला इथवर येता आलं नाही.”

वाटी पुसली गेली. बाटली ओतली. पट्टी गडद हिरवी झाली. महाराजांनी डोळे मिटले. “फार जुना दोष. पूर्वजन्मीचा.” तीर्थ पडलं, फेस आला, नवी पट्टी पिवळी राहिली. “निर्मळ! सांगा त्या माउलीला, सगळी औषधं आजपासून बंद!”

“सांगते,” नूतननं माईक ओढून घेतला. “पण तिला कळायचं नाही. ती कोंबडी आहे.”

कोणीतरी फिस्सकन हसलं.

“अंड्याचा पांढरा भाग पाण्यात कालवून गाळून आणलाय. अंड्यात प्रथिनं असतात, म्हणून पट्टी हिरवी झाली. यांनी तीर्थ घातलं आणि पट्टी पिवळी पडली. मग अंडं कुठं गेलं? अंडं वाटीतच आहे! आंबट जास्त झालं की ही पट्टी आंधळी होते, एवढंच. तीर्थ चाखून बघा कुणीतरी.”

पुढच्या रांगेतल्या हनुमंतनं कमंडलूत बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. “आयला, लिंबाचं सत हाय!”

“बाटलेली बाई!” महाराज उठले. “देवस्थानात अंडं आणते!”

“आता पाणी आणते.” नूतननं कुणाचा तरी तांब्या घेतला. इंद्रजितनं नुकतीच पुढच्या माणसासाठी दुसरी वाटी पुसून ठेवली होती. तो ती फडक्यात लपवायला लागला, तेव्हा हनुमंतनंच त्याचं मनगट धरलं. नूतननं वाटीत प्यायचं पाणी ओतलं आणि पट्टी बुडवली. टोक हिरवं झालं.

“बघा. पाण्याचीसुद्धा किडनी गेली! त्या फडक्याला धुण्याचा सोडा लावलाय. ज्याला काही झालं नाही त्यालाही हे आधी आजारी पाडतात. आणि जो खरंच आजारी आहे त्याला बरा झाला म्हणून घरी पाठवतात, मरायला!” तिचा आवाज फाटला. “माझ्या फुलाबाई मावशी तिकडं ओसरीत फुगून पडल्यात. कशापायी? तर या माणसाला गळ्यात हार पायजे म्हणून!”

कुणी हसलं नाही. मागून एक चप्पल आली. नूतन ओट्यावर चढून महाराजांच्या पुढे उभी राहिली. “मारू नका. पोलिसांत देऊ. मारलं तर उद्या हा हुतात्मा होऊन दुसऱ्या गावात बसेल.” महाराजांनी तोंडातल्या तोंडात शाप पुटपुटला, पण माईक आता त्यांच्याकडे नव्हता.

गर्दीत सावळारामही होते, फुलाबाईंसाठी चूर्णाची पुडी न्यायला आलेले. ते घराकडे पळत सुटले.

महाराजांवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार झाली. फुलाबाईंचा रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा त्या पुण्यात दवाखान्यात पोचल्या होत्या. क्रिएटिनिन दुपटीच्या वर गेलं होतं. सूज उतरली, रक्तदाब आवाक्यात आला, तूर्त डायलिसिस टळलं. नूतन खाटेशी बसली असताना त्यांनी विचारलं, “पयल्यासारखी व्हईल का गं किडनी?”

खोटं बोलणं सोपं होतं. महाराज बोललेच होते. “नाही मावशी,” नूतन म्हणाली. “गेली तेवढी गेली. उरलीय ती टिकवायची. कदाचित पुढं डायलिसिस लागेलही.”

फुलाबाई कोपर टेकून उठून बसल्या. मग म्हणाल्या, “तुजं कडू हाय, पर खरं हाय. गोळी दे.”

विंझरच्या पुढच्या शिबिरात शाळेचा व्हरांडा भरला. “पट्टी खोटी व्हती, मग तुमची तरी खरी कशावरनं?” एका म्हाताऱ्यानं नूतनला ठणकावून विचारलं. तिचा राग त्या दिवसापासून पहिल्यांदा जरा निवळला.

“हाच प्रश्न पाहिजे, आजोबा. मला विचारा, डॉक्टरला विचारा, बुवाला तर आधी विचारा. स्वच्छ भांडं, परत तपासणी, रक्ताचा रिपोर्ट, सगळं मागून घ्या. जो दाखवेल त्याचं ऐका. जो प्रश्नावर चिडेल आणि चालू गोळी बंद कर म्हणेल, त्याच्या दारात पुन्हा जाऊ नका.”

म्हाताऱ्यानं बाही वर सरकवली आणि हात पुढे केला. “घ्या रगत. पर आकडा मला वाचून दावा.”