उज्ज्वलाची उडी

एक्याण्णव साली जळगावात मंत्री यायचे ठरले, त्याच दिवशी शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष लीलाधरनाना यांनी ठरवलं, की त्यांच्यासमोर उज्ज्वला हवेत दोन गिरक्या घेणार. उज्ज्वला नऊ वर्षांची. तिला कुणी विचारलं नव्हतं.

सुकदेव सर शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर पोरांना चार चाकांवरचं कलात्मक स्केटिंग शिकवत. पहिलं वर्ष नुसतं पडायला शिकवत. 'फी घेऊन पोरं पाडतात,' अशी गावात ख्याती होती. मग एका पायावरची वळणं. उड्या त्यानंतर, हाडं भरली की.

"दोन गिरक्या चौदाव्या वर्षी," सर म्हणाले.

"तोवर मंत्री राहतील का?"

"पोरगी राहिली पाहिजे, नाना!"

नाना शिवून घ्यायच्या फेट्याचं माप द्यायला निघून गेले.

शनिवारी उज्ज्वला वडिलांबरोबर लंगडत आली. नानांच्या सांगण्यावरून तिचे वडील कौतिकभाऊ आठवडाभर तिला घरच्या ओट्यावर उड्या मारायला लावत होते. गुडघा भरताच्या वांग्याएवढा झाला होता.

सरांचा तोल सुटला. "कौतिकभाऊ, केळीवाले ना तुम्ही? कच्चा घड तोडता का कधी?"

"कच्चाच तोडतो नं, सर. पिकेल माल दिल्लीले कसा धाडू?"

मंडप पाहायला आलेले नाना खो खो हसले. "सर शिंदखेड्याचे! कापसातला माणूस केळी शिकवतोय!"

सर लाल झाले. खाली बसून त्यांनी पोरीच्या गुडघ्यावर ओला पंचा गुंडाळला. मग मान वर न करता विचारलं, "घड तोडल्यावर झाडाचं काय करता?"

"तेबी तोडतो. त्या झाडाले दुसऱ्यांदा घड थोडाच..."

कौतिकभाऊ थांबले. पोरीच्या गुडघ्याकडे पाहत राहिले. मग वाकून तिच्या स्केटच्या नाड्या सोडू लागले.

"अहो, मंत्री येताहेत!" नाना ओरडले.

"मंग तुम्हीच मारा उडी. फेटा तं शिवेल हाये तुमचा."

नानांनी सरांना तिथल्या तिथं काढलं आणि मैदानाला कुलूप ठोकलं. मंत्री काही आले नाहीत. कुलूप मात्र वेळेवर लागलं.

गुडघ्याची सूज उतरल्यावर कौतिकभाऊंच्या रिकाम्या वखारीत उज्ज्वला सरांकडे पुन्हा पडायला शिकू लागली, अगदी पहिल्यापासून. सर अजून चिडलेलेच होते. आता कौतिकभाऊंवर. भाऊ रोज दारात उभं राहून विचारायचे, "सर, उडी कधी?"