आयुधपूजेची सुट्टी

मी चुंबक बोलतोय. बंगळुरात, मल्लेश्वरमच्या पुढे एका संशोधन संस्थेच्या तळघरात उभा आहे. पोटात हेलियम, अंगात गुर्मी. सांगतो ते अक्षरन् अक्षर खरं, त्या हेलियमची शपथ. म्हणजे, एक जागा सोडून. ती शेवटी सांगेन.

जन्म माझा परदेशातला. इथे आलो तेव्हा मला बघायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. बरं, बसची वाट बघत होती. पण बघत होती.

काम माझं हजेरी घेण्याचं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती काचेच्या नळीतून माझ्या पोटात सोडतात आणि साखळीत कोण कुठे बसलंय ते ऐकतात. ऐकतात हायड्रोजनचं, कारण त्याचा आवाज मोठा. ही सवय माणसांनी यंत्रालाही लावली.

शुभदा नागपूरहून पीएचडीला आलेली. तिच्या साखळीत एका जागेवरून काही केल्या 'हजर' येईना.

"तिथे प्रोलीन आहे, सर. हजेरीला लागतो तो हायड्रोजन त्याच्याकडे नसतोच. आपण थेट कार्बनचं ऐकू. प्रत्येक अमिनो आम्लाच्या कार्बनचा सूर वेगळा असतो."

"कागदावर असेल प्रोलीन. नळीत आहे का?" तिचे मार्गदर्शक उमाकांत सर म्हणाले. तीन पिढ्यांचे बंगळुरी, लेकीच्या वयाच्या पोरीलाही 'अम्मा' म्हणणारे. "साखळीच तुटली असणार, अम्मा. आणि कार्बन म्हणजे नुसती कुजबुज. दसऱ्यानंतर यंत्र दुसऱ्या गटाकडे जातंय. तोवर दाखव, नाही तर हे प्रथिन सोड."

सोड म्हणे. पोरीची सगळी मेहनत त्या नळीत होती.

कुजबुज ऐकायची तर यंत्र दिवसरात्र चालायला हवं, आणि मोकळे दिवस उरले ते नेमके आयुधपूजेचे. त्या दिवशी अवजारांना कुंकू लावायचं आणि विश्रांती द्यायची. पूजा सरांच्या पत्नीची, अलकाकाकूंची.

"पूजेनंतर कुणी हात लावलात तर वर्षभर रुसेल हो तो. सरी? कळलं ना?"

मी आणि विश्रांती! माझ्यातली वीज पहिल्या दिवसापासून अखंड फिरतेय. मला कुणी विचारलं का?

"बोटसुद्धा लावणार नाही, काकू," शुभदा म्हणाली. आणि शब्द पाळला. पूजेच्या आधीच सगळं सुरू करून ठेवलं होतं तिनं.

काकूंनी कुंकू लावलं, हार घातला. कोहळा कापायला आणलेला कोयता त्यांच्या हातून सुटला आणि खण्णकन माझ्या पोटाला चिकटला.

"भूक लागलीय मेल्याला," काकू म्हणाल्या.

सरांना मात्र यंत्र चालू असल्याचं काही कळलं नाही.

दसऱ्यानंतर दार उघडलं. पडद्यावर, त्या रिकाम्या जागी, कार्बनचे बारीक ठिपके उमटले होते. सरांनी चष्मा वर करून एकेक ठिपका निरखला.

"स्वल्प फिकट आहे. पण प्रोलीनच. लिहायला घे."

आता शेजारच्या खोलीत माझ्याहून मोठा चुंबक आलाय. माझा हेलियम लवकरच सोडून देतील, मग अंगात फिरणारी वीजही थांबेल. तेव्हाही दसऱ्याला कुंकू लावा एवढंच मागणं. खरी विश्रांती तेव्हाच सुरू होईल.

राहिली ती खोटी जागा. कोयता नव्हे, त्याचा पोचा अजून आहे अंगावर. खोटं हे, की सरांना कळलं नाही. पूजेच्या वेळी पडद्यावर आकडे सरकत होते. काकूंची पाठ वळताच सरांनी माझा हार काढला, आकडे झाकतील असा पडद्यावर नीट पसरला आणि काकूंना म्हणाले, "चल गं, झोपला तो."