कोड माझ्याच फोनवर येतो

"सगळं तुझ्या एकटीच्या नंबरावर अडकवू नकोस. उद्या तू आजारी पडलीस तर अख्खा संग्रह आजारी पडेल," असं स्टुडिओवाले काका म्हणाले, तेव्हा मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, तात्पुरता तर दिलाय.

आमच्या वस्तीचे जुने फोटो आणि म्हाताऱ्या माणसांचे रेकॉर्ड केलेले आवाज आम्ही पाच-सहा जणांनी हौसेनं गोळा करून इंटरनेटवर ठेवले. मग कुणाची बदली झाली, कुणाचं लग्न. काका मुलाकडे गेले. मी उरले, कडेवर लेक घेऊन. संग्रह उघडायचा तर माझ्या फोनवर कोड येतो आणि बघता बघता बाद होतो.

नवऱ्याला परदेशात नोकरी लागली, तशी मी दारोदार फिरले. "फक्त तुमचा नंबर द्या, बाकी शिकवते." सगळ्यांचं एकच, "छे हो वहिनी, तुमच्यासारखं कुणाला जमणार!" कौतुक करत करत माणसं दार लावून घेतात.

त्या दिवशी शिवणवाल्या आजी आल्या. यजमान गेल्यापासून त्या त्यांचा आवाज ऐकायला येतात. लेक अंगावर पीत होती, फोन आतल्या खोलीत चार्जिंगला. उठेपर्यंत कोड बाद. पुन्हा मागवला, लेकीनं भोकाड पसरलं, पुन्हा बाद.

"अगं, बंद करून टाक ना एकदाचं!" नवरा आतून ओरडला. "आपल्याला निघायचंय."

आजींनी पदरानं चष्मा पुसला. "बंद व्हायचंय होय? मग आज दोनदा लाव, पोरी."

तिसऱ्या खेपेला उघडलं. आजोबा खाकरले, "अगं, मध्ये बोलू नकोस, मशीन चालूय!"

"मेले तरी दटावणं सुटलं नाही," आजी म्हणाल्या, आणि खरंच गप्प बसून राहिल्या.

नवरा एकटाच पुढे गेला. "मागून येते," असं मी त्याला सांगितलंय. परवा व्हिडिओ कॉलवर लेक बाबाचा पापा घ्यायला वाकली आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी संग्रह उघडायला गेलं, कोडाची पट्टी स्क्रीनवर त्याच्या तोंडावर उतरली. ती पट्टीच चाटत बसली.

तुमच्याकडेही असं काहीतरी कुणीतरी चालवत असेल. ते चालू आहे का, हे मागाहून बघा. आधी तिच्या घरी जाऊन या. कौतुक नको, तिला ते पुष्कळ मिळालंय. जरा टेका आणि म्हणा, "मला शिकव."